व्हॉल्व्ह ट्यूब, काड्या आणि जुनी सीडी : अरविंद गुप्ता यांच्या खेळण्यांच्या संग्रहाचे परीक्षण

शाळेतून ‘टाकाऊतून टिकाऊ’ स्पर्धेची सूचना आली की पुण्यातले पालक सर्वांत आधी दुकान गाठतात. बाटलीचा हत्ती करायचा असेल तर बाटली तेवढी घरची असते. ग्लू गनच्या कांड्या, चमकी, रंगीत फोम शीट, हलणारे डोळे आणि सोनेरी लेस हे सारे रविवार पेठेतल्या बोहरी आळीतून किंवा कोपऱ्यावरच्या स्टेशनरीवाल्याकडून विकत येते. स्पर्धा संपते, हत्ती काही दिवस टीव्हीच्या कपाटावर बसतो आणि मग कचऱ्यात जातो. तोवर तो मूळच्या बाटलीपेक्षाही निरुपयोगी झालेला असतो, कारण रंग, गोंद आणि चमकी यांनी माखलेली बाटली भंगारातही कोणी आनंदाने घेत नाही. टाकाऊ वस्तूंपासून खेळणी करण्याचा याहून अगदी वेगळा आणि कितीतरी अधिक विचारपूर्वक उभा राहिलेला एक संग्रह मोठ्या प्रमाणात याच शहरात आकाराला आला आहे. तो सर्वांसाठी विनामूल्य खुला आहे, आणि तरीही बऱ्याच घरांत तो केवळ ऐकून माहीत असतो. अरविंद गुप्ता यांच्या त्या संग्रहाचे, म्हणजे त्यांच्या ‘अरविंद गुप्ता टॉइज’ या संकेतस्थळावरील खेळण्यांचे आणि चित्रफितींचे, हे परीक्षण आहे. आमच्या घरातील पाच आणि नऊ वर्षांच्या मुलांबरोबर जी खेळणी प्रत्यक्ष करून पाहिली, त्यांच्यावर यातील मते मुख्यतः आधारलेली आहेत.

थोडी पार्श्वभूमी आवश्यक आहे. गुप्ता हे आयआयटी कानपूरचे अभियंते. १९७५ साली पदवी घेतल्यावर ते पुण्यात टेल्कोमध्ये, म्हणजे आजच्या टाटा मोटर्समध्ये, नोकरीला लागले. १९७८ मध्ये रजा घेऊन ते मध्य प्रदेशातील होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात काम करायला गेले. १९७२ साली सुरू झालेल्या त्या कार्यक्रमाचा आग्रह असा होता की, खेड्यातील सरकारी शाळांतल्या मुलांनीही विज्ञान स्वतःच्या हाताने प्रयोग करून शिकावे. प्रयोगशाळेची उपकरणे त्या शाळांच्या आवाक्याबाहेरची होती, त्यामुळे आठवडी बाजारात जे स्वस्तात मिळेल त्यातूनच साहित्य उभे करणे भाग होते. सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबने काड्यापेटीतील काड्या जोडण्याची त्यांची प्रसिद्ध युक्ती तिथलीच. पुढे २००३ ते २०१४ या काळात ते पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेतील मुलांच्या विज्ञान केंद्रात होते. सुनीताबाई देशपांडे यांच्या देणगीतून उभे राहिलेले आणि पु. लं.च्या स्मरणार्थ ‘पुलस्त्य’ असे नाव दिलेल्या इमारतीत असलेले हे केंद्र ‘मुक्तांगण विज्ञान शोधिका’ म्हणून ओळखले जाते. आज पाहायला मिळणाऱ्या चित्रफितींपैकी पुष्कळशा तिथल्या सहकाऱ्यांच्या साहाय्याने तयार झाल्या. २०१८ साली गुप्ता यांना पद्मश्री मिळाली.

या खेळण्यांचा जन्म सजावटीच्या हौसेतून झालेला नाही, अडचणीतून झालेला आहे, आणि हा फरक संग्रहातील चांगल्या खेळण्यांत उघड दिसतो. त्यांत टाकलेल्या वस्तूला दुसऱ्याच कशाचे रूप देण्याचा अट्टहास नसतो. त्या वस्तूचा एखादा अंगभूत गुण हेरून त्याच्याकडून काम करून घेतलेले असते. व्हॉल्व्ह ट्यूब ताणली जाते आणि घट्ट पकडते, म्हणून ती सांधा होते. सीडीवर अतिशय बारीक, समान अंतरावरच्या रेषा असतात, म्हणून ती प्रकाशाचे रंग वेगळे करते. पाण्याची बाटली दाबली की दबते आणि सोडली की पूर्ववत होते, म्हणून ती पंप होऊ शकते. बाटलीच्या हत्तीमध्ये मात्र बाटलीचा कोणताही गुण वापरलेला नसतो. तिथे पुठ्ठ्याची नळकांडी असती तरी चालले असते. कोणतेही टाकाऊ खेळणे पाहताना मी हीच कसोटी लावते आणि या संग्रहातील बहुतेक खेळणी तिच्यावर उतरतात, हा त्याचा सर्वांत मोठा गुण आहे.

सर्वाधिक वेळ आमच्याकडे काड्यांच्या रचनांनी घेतला, आणि तो सार्थकी लागला असे म्हणता येईल. व्हॉल्व्ह ट्यूब म्हणजे सायकलच्या जुन्या पद्धतीच्या व्हॉल्व्हवर चढवायची बारीक रबरी नळी. तिचे साधारण दीड सेंटिमीटर लांबीचे तुकडे कापायचे, काड्यांच्या टोकांवरचा गुल खरवडून टाकायचा आणि नळीच्या दोन्ही बाजूंनी एकेक काडी आत सरकवायची. हा झाला दोन काड्यांचा सांधा. तीन सांधे आणि तीन काड्या यांचा त्रिकोण होतो, चार काड्यांचा चौकोन. इथपर्यंत पाच वर्षांच्या मुलालाही जमते. खरी गंमत पुढे आहे. चौकोन एका कोपऱ्यातून ढकलला की तो कलंडून तिरपा होतो, पंचकोन तर कसाही वाकतो, त्रिकोण मात्र कितीही दाबला तरी आपला आकार सोडत नाही. ही गोष्ट पाठ्यपुस्तकात एका ओळीत येते आणि वाचून विसरली जाते. बोटांना कळली की विसरत नाही. ट्यूबच्या तुकड्याला दाभणाने मधोमध भोक पाडून त्यात तिसरी काडी खुपसली की तीन काड्यांचा सांधा मिळतो, आणि तिथून चतुष्फलक, प्रिझम, घन अशा घनाकृती सुरू होतात. काड्यांचा घन उभा राहत नाही, तो लगेच एका बाजूला झुकतो. नऊ वर्षांच्या मुलीने त्याच्या एका पृष्ठावर कर्णाची काडी बसवल्यावर तेवढे पृष्ठ ताठ झाले आणि मग उरलेल्या पृष्ठांचे काय करायचे हे तिला कोणी सांगावे लागले नाही. आमच्या गच्चीवरून बांधकामाच्या दोन-तीन टॉवर क्रेन दिसतात. त्यांच्या आडव्या हातात नुसते त्रिकोणच का आहेत, हा प्रश्न त्यानंतर आपोआप आला.

या खेळण्यात एक व्यावहारिक अडचण आहे आणि ती चित्रफितीत सांगितलेली नाही. काडी आणि नळी यांची जाडी जुळली पाहिजे. मेणाच्या काड्या मऊ असतात आणि नळीत शिरताना वाकतात. टूथपिक बारीक पडते आणि निसटते. साध्या लाकडी काड्याच उत्तम, पण त्यांतही काही पेट्यांतल्या काड्या इतक्या ओबडधोबड तासलेल्या असतात की अर्ध्या बाजूला काढाव्या लागतात. गुल खरवडण्याचे काम मोठ्यांनी, वर्तमानपत्रावर, शांतपणे करावे आणि भुकटी लगेच पाण्यात टाकावी. नव्या गिअरच्या सायकलींना अशी नळी लागतच नाही, त्यामुळे चकचकीत शोरूममध्ये ती मागितली तर विक्रेता गोंधळतो. पंक्चर काढणाऱ्या जुन्या दुकानदाराकडे ती हमखास मिळते. कोणे एके काळी सायकलींचे शहर म्हणून मिरवणाऱ्या पुण्यात अशी दुकाने अजून पेठांमध्ये आणि उपनगरांच्या जुन्या गावठाणांत टिकून आहेत, हे या खेळण्याचे भाग्यच म्हणायचे.

दुसरे खेळणे, ज्याच्यासाठी हा संग्रह एकदा तरी उघडावा, ते म्हणजे साधी मोटर. टॉर्चचा मोठा सेल, दोन सेफ्टी पिना, सायकलच्या ट्यूबमधून कापलेला रबराचा पट्टा, एक चकती चुंबक आणि एनॅमलचा लेप असलेली तांब्याची तार एवढेच साहित्य. पिना सेलच्या दोन टोकांना रबराच्या पट्ट्याने आवळायच्या, सेलवर मधोमध चुंबक ठेवायचे, तारेचे आठ-दहा वेढ्यांचे वेटोळे करून त्याची दोन टोके पिनांच्या छिद्रांत अडकवायची. सारे मर्म त्या टोकांत आहे. दोन्ही टोकांवरचे एनॅमल तीन बाजूंनी खरवडायचे आणि एक बाजू तशीच ठेवायची. टोके पूर्ण खरवडली तर अर्धा फेरा झाल्यावर बल उलट दिशेला लागते आणि वेटोळे नुसते डुलत राहते. एक बाजू झाकलेली असली तर नेमक्या त्या उलट अर्ध्या फेऱ्यात विद्युतप्रवाह तुटतो, वेटोळे स्वतःच्या गतीने पुढे सरकते आणि उघडी बाजू पुन्हा पिनेला टेकली की त्याला नवा धक्का मिळतो. विजेच्या मोटरमधील दिक्परिवर्तकाचे, म्हणजे प्रवाहाची दिशा बदलणाऱ्या भागाचे, काम इथे एका नखाएवढ्या एनॅमलच्या पट्टीवर उरकलेले आहे. अनेक महागड्या शैक्षणिक संचांमध्येही इतकी नेमकी कल्पना पाहायला मिळत नाही.

मोटर फिरली नाही तर काय तपासायचे, हे चित्रफीत सांगत नाही. एकदोन मिनिटांच्या त्या मांडणीत सारे पहिल्या झटक्यात जमते. म्हणून इथे लिहून ठेवते. वेटोळे पिनांमध्ये समतोल बसले आहे का आणि हाताने हलकेच फिरवले असता सहज फिरते का, हे आधी पाहावे. दोन्ही टोके एका सरळ रेषेत, वेटोळ्याच्या बरोबर मध्यातून निघालेली असावीत. एनॅमल खरवडल्यावर तार तांबूस चकाकली पाहिजे. नुसती मळकट दिसत असेल तर लेप पूर्ण निघालेला नसतो. सुरुवातीला बोटाने एक टिचकी द्यावी लागते, काही वेळा दोन्ही दिशांनी देऊन पाहावी लागते. आणि एक महत्त्वाचे : या मांडणीत सेलमधून मोठा प्रवाह वाहतो, त्यामुळे तार आणि सेल दोन्ही तापतात. मोटर थांबलेली असेल तर ती तशीच जोडून ठेवू नये. मुलांना सेल हाताने चाचपायला सांगितले की त्यांना हे बरोबर कळते.

पाणबुड्या हे खेळणे सर्वांत स्वस्त, सर्वांत कमी कटकटीचे आणि लहान मुलांना सर्वाधिक आवडलेले. पाण्याची पारदर्शक बाटली काठोकाठ भरायची, पेनच्या टोपणाला खाली थोडी माती किंवा मळलेली कणीक लावून ते पाण्यात जेमतेम तरंगेल इतके जड करायचे आणि उपडे आत सोडून झाकण घट्ट लावायचे. बाटली दाबली की टोपण बुडते, सोडली की वर येते. आजकाल बहुतेक टोपणांच्या टोकाला भोक असते, कारण लहान मुलाने टोपण गिळले तरी श्वास कोंडू नये. ते भोक आधी मेणाने बुजवावे लागते, नाहीतर आतली हवा निसटते आणि टोपण तळाशी जाऊन बसते. टोपण पारदर्शक असेल तर दाबताना आत पाणी चढताना दिसते, म्हणजेच आतली हवा आक्रसताना दिसते, आणि बुडण्याचे कारण कोणी समजावून सांगावे लागत नाही. कणीक दोन दिवसांत सडते, त्यामुळे मातीच बरी.

तरंगती पेन्सिल, म्हणजे चकती चुंबकांच्या अपकर्षणावर हवेत राहणारी पेन्सिल, पाहुण्यांवर छाप पाडते. तिचा पाया जुन्या रबरी चपलेच्या तळव्याचा असतो आणि पेन्सिलीचे टोक एका आधाराला टेकवावेच लागते. ते टोकही सोडवून पेन्सिल निव्वळ हवेत ठेवता येईल का, हा प्रश्न मुले विचारतात. स्थिर चुंबकांच्या बळावर ते शक्य नाही हे खरे उत्तर आहे आणि प्रयत्न करून पाहू देणे हे त्याहून चांगले उत्तर आहे. कागदी हेलिकॉप्टर, पाठकोऱ्या कागदाचा उलगडत जाणारा फ्लेक्सागॉन, वर्तमानपत्राच्या टोप्या यांबद्दल फार लिहिण्याची आवश्यकता नाही. त्या जमतात, आवडतात आणि रद्दीतच होतात.

आता उणिवेकडे. या संग्रहाचे वय त्यातल्या साहित्यावरून दिसते. कॅमेऱ्याच्या फिल्म रोलच्या काळ्या डब्यांपासून केलेला पंप ही एक सुरेख कल्पना आहे, पण तशी डबी आजच्या घरात सापडणार नाही. औषधाच्या गोळ्यांच्या छोट्या प्लास्टिक डब्या घेऊन पर्याय शोधावा लागतो आणि मापे पुन्हा जुळवावी लागतात. कॅसेट प्लेअरमधली छोटी मोटर, ऑडिओ कॅसेटचे खोके, पोस्टकार्ड या गोष्टी आता आजोबांच्या कपाटात मिळाल्या तर मिळाल्या. सीडीही त्याच वाटेवर आहेत, आणि त्याचे मला विशेष वाईट वाटते, कारण टूथपेस्टच्या रिकाम्या खोक्याला बारीक चीर पाडून आत सीडीचा तुकडा तिरका बसवला की होणारा वर्णपटदर्शक हे या संग्रहातील अत्यंत देखणे उपकरण आहे. सीडीवरच्या रेषांमधील अंतर १.६ मायक्रोमीटर असते, म्हणजे एका मिलिमीटरमध्ये सहाशेहून अधिक रेषा. म्हणूनच ती रंग इतके स्पष्ट सोडवते. जुन्या ट्यूबलाइटकडे पाहिले तर सुट्या रंगीत रेघा दिसतात, एलईडी बल्बकडे पाहिले तर रंगांचा सलग पट्टा. सूर्याकडे मात्र यातून कधीही पाहू नये, आणि ही सूचना मुलांना उपकरण हातात देण्याआधी द्यावी. डीव्हीडी मिळाली तर तिच्या रेषा याहून दाट असल्याने रंग आणखी दूर फाकतात.

सरबताच्या नळीच्या पिपाणीचे प्रकरण वेगळे आहे. नळीचे एक टोक दातांनी चपटे करून त्रिकोणी कापायचे आणि फुंकायचे. वाजवता वाजवता दुसऱ्या टोकाने तुकडे कापत गेले की स्वर चढत जातो. नाद आणि हवेच्या स्तंभाची लांबी यांचा संबंध शिकवण्याची याहून सोपी रीत मला माहीत नाही. पण १ जुलै २०२२ पासून देशभर एकदाच वापरायच्या ज्या प्लास्टिक वस्तूंवर बंदी आली, त्यांत या नळ्याही आहेत, आणि ते योग्यच झाले. कागदी नळी ओठांत धरताच ओली होते आणि तिची जीभ लवकरच थरथरेनाशी होते. इथे आपल्याकडची जुनी खेळणी मदतीला येतात. पपईच्या पानाचा देठ पोकळ असतो. पान असलेल्या टोकाजवळ त्याला बारीक उभी चीर दिली की त्याची उत्तम पिपाणी होते, आणि ती कापत नेली की स्वर तसाच चढतो. आंब्याची कोय उगवून आली की तिचे टोक दगडावर घासून वाजवायची पुंगी मागच्या पिढीतल्या जवळजवळ प्रत्येकाने केलेली असते. सोसायटीच्या आवारात पपईचे झाड नसेल असे पुण्यात क्वचितच; माळीकाकांना विचारले की एखादा देठ मिळतो.

लोकपरंपरेतल्या खेळण्यांकडे या संग्रहाने दुर्लक्ष केले आहे असे मात्र नाही. पानांच्या, कागदांच्या आणि दोऱ्यांच्या अनेक जुन्या खेळण्यांना त्यात स्थान आहे. माझी तक्रार एवढीच की, बदललेल्या साहित्याला पर्याय कोणता हे शोधण्याचे काम पाहणाऱ्यावर सोडलेले आहे. आज घरात जे सर्वाधिक जमा होते, म्हणजे ऑनलाइन मागवलेल्या सामानाचे पुठ्ठे, कुरिअरची पाकिटे, टेट्रा पॅक, खाद्यपदार्थ मागवल्यावर येणारे काळे डबे, त्यांच्यावर भर देणारा एखादा नवा विभाग असता तर तो अतिशय उपयोगी ठरला असता. टेट्रा पॅकचेच उदाहरण घ्या. त्यात कागद, पॉलिएथिलीन आणि ॲल्युमिनियमचे पातळ थर एकत्र चिकटवलेले असतात, म्हणूनच ते घडीवर मोडत नाही, पाण्याने भिजत नाही आणि आतून चकाकते. हे तिन्ही गुण खेळण्याला उपयोगाचे आहेत. आमच्याकडे त्याच्या होड्या झाल्या. कागदी होड्यांपेक्षा त्या पावसात कितीतरी अधिक टिकल्या.

संकेतस्थळ वापरण्याच्या दृष्टीने सांगायचे तर ते साधे आहे, त्यात जाहिरातींचा किंवा नोंदणीचा ससेमिरा नाही, आणि मराठी वाचकासाठी पुस्तकांचे दालन स्वतंत्रपणे भेट देण्याजोगे आहे, कारण मुलांसाठीची आणि शिक्षणविषयक मराठी पुस्तके तिथे मोठ्या संख्येने मोफत वाचता येतात. खेळण्यांच्या चित्रफिती इंग्रजी, हिंदी यांच्याबरोबर मराठीतही आहेत. यादी मात्र फार लांब आहे. मूल शेजारी बसवून ‘काय करू या’ असे शोधत बसलो तर तासभर नुसते पाहण्यात जातो आणि हाताला काही लागत नाही. उत्तम रीत ही की, पालकांनी आधी एकट्याने दोन-तीन खेळणी निवडावीत, साहित्य एका डब्यात जमवून ठेवावे, आणि मुलांना चित्रफीत दाखवताना ती मध्येच थांबवून पुढे काय होईल ते विचारावे. मुलांच्या हाती फोन देऊन स्वयंपाकघरात निघून जाण्यासाठी हा संग्रह नाही.

तुलना करायचीच तर, वाढदिवसाला भेट म्हणून आलेल्या एका तयार ‘विज्ञान संचा’शी करता येईल. त्याचे नाव लिहिण्याचे कारण नाही, तसे अनेक मिळतात. खाचा पाडलेले लाकडी तुकडे, क्रमांक लावलेले स्क्रू, रंगीत सूचनापत्रिका; सूचनांप्रमाणे जोडले की गाडी चालते, आणि त्या दिवशी मुले खरोखर आनंदात होती. पण त्यातले एक दातेरी चाक तुटल्यावर तसे चाक कुठेच मिळेना आणि अख्खा संच माळ्यावर गेला. काड्यांच्या चतुष्फलकातली काडी मोडली तर मूल स्वतः दुसरी काडी बसवते, आणि बसवताना त्याला ती रचना पुन्हा एकदा समजते. संच दिसायला निःसंशय सुबक आहे. भेट म्हणून द्यायला तोच शोभतो, आणि घाईत असलेल्या नातेवाइकांना त्यासाठी दोष देता येणार नाही.

सुरक्षिततेबाबत मोकळेपणाने लिहिले पाहिजे. १ जानेवारी २०२१ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या खेळण्यांना भारतीय मानक ब्यूरोचे प्रमाणन आवश्यक आहे. घरी केलेल्या खेळण्याची अशी कोणतीही तपासणी होत नसते, आणि ती जबाबदारी करणाऱ्या मोठ्या माणसाची असते. सेफ्टी पिना, दाभण, ब्लेड, बारीक तुकडे हे सारे तीन वर्षांखालील मुलांच्या घरात पूर्णपणे वर्ज्य समजावे. चुंबकांच्या बाबतीत जुन्या काळ्या फेराइटच्या मोठ्या चकत्याच वापराव्यात. मण्यांसारखी छोटी, चकचकीत, अतिशय प्रबळ चुंबके मुलांच्या जवळपासही नकोत, कारण एकाहून अधिक गिळली गेली तर ती आतड्यात एकमेकांना ओढून धरतात आणि शस्त्रक्रियेची वेळ येऊ शकते. घड्याळातले बटण सेलही मुलांपासून असेच दूर ठेवावेत. प्लास्टिकची बाटली कापली की तिची कड धारदार होते; तिच्यावर चिकटपट्टी लावायला विसरू नये.

सुरुवातीला हत्तीच्या निमित्ताने जो मुद्दा आला, तो इथे थोडा अधिक मांडायला हवा, कारण या संग्रहाची स्तुती करताना तो सहसा कोणी मांडत नाही. पुण्यात घरोघरचा कचरा गोळा करण्याचे मोठे काम ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था २००८ पासून महापालिकेबरोबर करते. तिच्यामागे १९९३ मध्ये स्थापन झालेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीची चळवळ आहे. सुक्या कचऱ्यातील स्वच्छ बाटली, पुठ्ठा, पत्रा यांच्या विक्रीतून वेचकांना उत्पन्न मिळते. म्हणजे आपण ज्याला टाकाऊ म्हणतो, ते कोणाच्या तरी दृष्टीने माल असतो. आपण त्याचे खेळणे केले आणि त्यावर रंग, गोंद, फोम, चमकी चढवली, तर तो माल आपण बिघडवतो. या कसोटीवरही गुप्ता यांची पुष्कळ खेळणी उजवी ठरतात : काड्यांच्या रचनेत गोंद नाही, मोटरमध्ये गोंद नाही, पाणबुड्यात गोंद नाही. खेळून झाले की बाटली बाटलीच राहते, तार तारच राहते, आणि सारे सुटे करून ज्याच्या त्याच्या जागी जाऊ शकते. शाळांनी स्पर्धेच्या नियमांत ‘विकत आणलेले साहित्य आणि गोंद चालणार नाही’ एवढे एक वाक्य घातले, तर त्या स्पर्धांचा चेहरामोहरा बदलेल असे मला वाटते. परीक्षकांना मात्र दिसण्याऐवजी चालण्याला गुण द्यायची सवय करावी लागेल.

साहित्य कुठून आणावे, याविषयी पुणेकरांसाठी थोडे. एनॅमलची तार मोटर वाइंडिंगच्या कोणत्याही दुकानात वजनावर मिळते. नाहीतर बुधवार पेठेतील तपकीर गल्लीत चकती चुंबके, तार, छोट्या मोटरी हे सारे एका फेरीत होते. बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात मोडके स्पीकर आणि टेपरेकॉर्डर मिळतात. स्पीकर फोडून काढलेले चुंबक मोठे आणि मजबूत असते, पण ते काढण्याचे काम मोठ्यांनी करावे. व्हॉल्व्ह ट्यूब सायकलवाल्याकडून मीटरवर घ्यावी आणि थोडी जास्तच घ्यावी, कारण पडून राहिलेले रबर कडक होऊन चिरते. वाइंडिंगवाल्याकडे गेल्यावर मुलांनाही बरोबर न्यावे असे माझे मत आहे. जळालेल्या पंपाच्या मोटरमधून निघणारे तारेचे वेटोळे आणि आपल्या सेलवरचे आठ वेढ्यांचे वेटोळे यांतले नाते तिथे दोन मिनिटांत दिसते, आणि दुकानदार मोकळा असेल तर मुलांच्या प्रश्नांची उत्तरे तो आपल्यापेक्षा चांगली देतो.

पाच वर्षांच्या मुलासाठी पाणबुड्या, कागदी हेलिकॉप्टर आणि काड्यांचे त्रिकोण-चौकोन यांपासून आरंभ करावा. आठ-नऊ वर्षांपुढे मोटर आणि घनाकृती. वर्णपटदर्शक दहा वर्षांच्या आसपास, जेव्हा ‘हे असे का’ हा प्रश्न मूल स्वतःहून विचारू लागते आणि उत्तरासाठी थांबूनही राहते. एका वेळी एकच खेळणे करावे, आणि ते मोडेपर्यंत दुसरे दाखवू नये.